सात आणि आठमधली रेघ

"दोन शब्द बोलायचेत, वहिनी. 'डायल मूळची.' संपलं. तोंड धुवायला याहून जास्त वेळ लागतो."

"आणि ती मूळची नाही, त्याचं काय?"

"ते कळणार कोणाला? रंगवलीय तुम्ही. तुमची रंगवलेली डायल ओळखणारं एकच माणूस या बाजारात आहे, आणि ते आत्ता माझ्यासमोर स्टुलावर बसून माझं डोकं खातंय."

"मग त्याच माणसाला विचारायला येतायत ना त्या बाई."

दिराने शटर अर्ध्यावर आणून तसंच सोडलं. बाहेरचा उजेड त्याच्या गुडघ्यांपर्यंतच येत होता, वरचा दीर अंधारात होता. सकाळपासून हे तिसऱ्यांदा चाललं होतं. आधी त्याने गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, मग रागावून पाहिलं. आता तो अशा आवाजात बोलत होता की जणू वहिनी आजारी आहेत आणि औषध घ्यायला नाही म्हणतायत.

"भावजी, एक विचारू?" वहिनी म्हणाल्या. "घड्याळ माझ्याकडे रंगवायला दिलंत, तेव्हा पट्टा आधीच कापून का ठेवलात?"

"कुजला होता."

"कुजलेलं चामडं मऊ पडतं. मी पाहिला तो कचऱ्याच्या डब्यात. लाकडाच्या सालीसारखा कडक झाला होता."

काउंटरवरची काच दिराने उगाच बाहीने पुसली. मग आवाज खाली आणून तो म्हणाला की ती बाई पोलिसांत गेली तर दुकानाला कुलूप लागेल, आणि दुकानाला कुलूप म्हणजे वरच्या खोलीलाही. वरच्या खोलीत कोण राहतं, हे त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

वरच्या खोलीत वहिनी राहत होत्या.

त्यांना सगळा घड्याळबाजार वहिनीच म्हणायचा. दीर म्हणायचा म्हणून शेजारचा चष्मेवाला म्हणायचा, चष्मेवाला म्हणायचा म्हणून पलीकडचा कुलपांच्या किल्ल्या करणारा, आणि असं होत होत वयाने त्यांच्या बापाच्या जागी असलेली माणसंसुद्धा "वहिनी, जरा बघता का" म्हणत दुकानात शिरायची. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना घड्याळातलं एवढंच कळत होतं की लहान काटा तास दाखवतो. दुकान दोघा भावांचं. थोरले, म्हणजे वहिनींचे यजमान, जुन्या घड्याळांच्या डायली रंगवायचे. धाकटा घड्याळं घ्यायचा आणि विकायचा. थोरल्याला गिऱ्हाइकाशी बोलता येत नव्हतं आणि धाकट्याला गप्प बसता येत नव्हतं, त्यामुळे दुकान बरं चाललं होतं.

डायल रंगवणं म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकायला हवं. जुन्या मनगटी घड्याळाचा चेहरा वयाने काळवंडतो, पाणी शिरून त्यावर डाग पडतात, आकडे उडतात. मग काटे काढायचे, डायल सोडवायची, औषधात बुडवलेल्या कापसाने जुना रंग आकड्यांसकट पुसून काढायचा. खाली नुसता पत्रा उरतो. त्यावर नवा रंग, नव्या रेघा, नवे आकडे, आणि सगळ्यांत शेवटी कंपनीचं नाव. थोरले म्हणायचे की रेघ श्वास घेताना काढायची नाही, सोडतानाही नाही, दोन्हींच्या मधे जी जागा असते तिथे काढायची. वहिनींना आधी वाटलं, हा माणूस थट्टा करतोय. मग एक दिवस थोरल्यांचा हात थरथरायला लागला, आणि ती जागा वहिनींना शोधावी लागली.

हे कोणाला सांगायचं नाही असं घरात ठरलं. थोरले खिडकीपाशी बसायचे, भिंग डोळ्याला लावायचे, गिऱ्हाइकाकडे पाठ करायचे. डायली मात्र वरच्या खोलीत रंगायच्या. बाजार म्हणायचा, थोरल्यांचा हात वयाबरोबर सुधारत चाललाय. थोरले गेले, आणि तरी त्यांच्या हातच्या डायली दुकानातून निघतच राहिल्या, तेव्हा बाजाराच्या डोक्यात प्रकाश पडला. चष्मेवाला म्हणाला, "नवरा गेला, पण हात ठेवून गेला." वहिनींनी त्याला काही सुनावलं नाही. त्यांना हसू आलं होतं, आणि हसू आलं म्हणून त्या मग खोलीत जाऊन बराच वेळ खिडकीचे गज धरून उभ्या राहिल्या होत्या.

चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. जी बाई खोटा चेहरा इतका खरा रंगवते, तिला खरा कुठला आणि खोटा कुठला हे कळणारच, असं लोकांच्या ध्यानात आलं, आणि जुनं घड्याळ विकत घ्यायच्या आधी वहिनींना दाखवायची पद्धत पडली. त्या डायलीकडे शेवटी बघायच्या. आधी घड्याळ आडवं धरून कडा बघायच्या, पट्टा अडकवायचे कान अजून धारदार आहेत की पॉलिशच्या चाकावर घासून साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झालेत ते. मग दोन्ही तळव्यांची ओंजळ करून आत अंधार करायच्या आणि काट्यांवरचं रेडियम अजून चमकतंय का ते पाहायच्या. काटे झोपलेले आणि आकडे जागे असतील, तर दोघांतला एक जण नंतर आलाय. "कलप लावलेल्या माणसाच्या भुवया बघाव्यात," असं त्या म्हणायच्या. घड्याळातलं सगळं एकत्र म्हातारं झालेलं असलं पाहिजे. मग भिंग. कारखान्यातलं अक्षर ठशाने उठलेलं असतं, त्याला किंचित उंची असते. हाताने काढलेलं अक्षर कितीही चांगलं असलं तरी पत्र्यावर निजलेलं असतं.

एकदा एका जाडजूड हॉटेलवाल्याबरोबर एक विकणारा आला होता. शपथा घेत होता की घड्याळ आजोबांचं आहे, ट्रंकेतून कधी बाहेरच निघालं नाही, अगदी मूळचं आहे. वहिनींनी भिंग लावलं, काढलं, आणि म्हणाल्या, "आजोबांनी ट्रंकेत बसूनच डायल रंगवून घेतली असेल मग." हॉटेलवाला आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होता.

आपल्या दुकानातल्या मालाबद्दलही त्या तसंच बोलायच्या. एकदा गिऱ्हाईक घड्याळ हातात घालून आरशात बघत असताना त्यांनी आतून सांगितलं होतं, डायल आमचीच, रंगवलेली आहे. दीर दोन दिवस त्यांच्याशी बोलला नव्हता. मग त्याच्या लक्षात आलं की वहिनींच्या खरेपणामुळे दुकानात गर्दी वाढतेय. खोटं विकायला एक खरं बोलणारं माणूस जवळ लागतं, हे त्याला कळलं, आणि त्याने राग गिळला.

आज सकाळी त्याने तेही काढलं होतं. म्हणाला, "इतकी वर्षं खरं बोललात. ते कशासाठी साठवलं? एखाद दिवशी खोटं बोलायची वेळ आली तर ते खपावं म्हणूनच ना?"

त्या गोष्टीकडे वहिनींनी तसं कधी पाहिलंच नव्हतं.

बाई काल दुपारी आल्या होत्या. बाजाराला त्या नव्या नव्हत्या. वर्षभर त्या एकाच जातीचं घड्याळ शोधत दुकानं धुंडाळत होत्या, घेत मात्र काहीच नव्हत्या. त्यांना सगळे 'उलटून बघणारी' म्हणायचे, कारण कुठलंही घड्याळ हातात दिलं की त्या आधी पालथं करायच्या. शिवणकाम करणारी बाई. कापडाची उलटी बाजू आधी बघायची सवय. उजव्या हाताच्या बोटाच्या टोकाला सुयांनी घट्टा पडलेला, आणि पिशवीत कापडाचे धागे मोजायचं घडीचं भिंग. कुठल्या दुकानात कोण फसवतं, कुठली काच नवी, कुठले काटे दुसऱ्याच घड्याळाचे, हे त्यांना आता इतकं कळायला लागलं होतं की काही दुकानदार त्यांना लांबूनच बघून 'ते घड्याळ गेलं हो' म्हणून सांगायचे.

वहिनींच्या दुकानातलं ते घड्याळ दिराने नुकतंच काचेत मांडलं होतं. बाईंनी ते पालथं केलं, आडवं धरलं, मग कानाशी नेऊन चावी दिली. चावी देताना मधेच आतल्या चाकाचा एक दात सुटल्यासारखा आवाज झाला. बाईंनी परत चावी दिली. परत तसाच आवाज. त्या स्टुलावर बसल्या. मग त्यांनी आपलं घडीचं भिंग काढून डायलीवर ठेवलं आणि ओठ हलवत रेघा मोजल्या. मोजून झाल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"साठच आहेत," त्या म्हणाल्या.

दिराने विनोद केला, की साठच असतात हो ताई, जास्तीची हवी असेल तर वेगळे पैसे पडतील. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. आतल्या खिडकीशी बसलेल्या वहिनींकडे वळून त्या बोलायला लागल्या. रडत नव्हत्या. मापं सांगावीत तसं सांगत होत्या.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांकडे कामाला होता. पहिल्या पगारात त्याने जुन्यातलं एक घड्याळ घेतलं. विकणाऱ्याने मूळचं म्हणून दिलं होतं. घरी आल्यावर पोराने हौसेने रेघा मोजल्या, तर सात आणि आठच्या मधे एक जास्त. कोण्या ढ हाताने रंगवलेली डायल होती ती. बाई त्याला किती बोलल्या, फसवलं तुला, परत करून ये, आपल्या घामाचे पैसे आहेत. तो ऐकेना. म्हणायचा, आई, सगळ्यांचा तास साठ मिनिटांचा, माझा एकसष्टचा, एक मिनिट फुकट मिळतंय तर तुझं काय जातंय. त्यावरून दोघांची रोज झटापट. रोज सकाळी चावी देऊन निघायचा आणि तो दात सुटायचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

मग एक दिवस तो लिफ्टच्या खोल खड्ड्यात पडला. दवाखान्यातून बाईंच्या हातात एक पिशवी दिली. शर्ट, कमरेचा पट्टा, किल्ल्या, एक बूट. घड्याळ नव्हतं. त्यांनी विचारलं तर उत्तर मिळालं, घातलंच नसेल. पण बाईंनी त्याचा हात पाहिला होता. उन्हातान्हात हिंडून काळ्या पडलेल्या हातावर, मनगटाभोवती घड्याळाच्या रुंदीचा गोरा पट्टा होता, आणि त्यावर चामड्याच्या शिवणीचे वळ अजून उमटलेले होते.

"असा दात सुटणारी घड्याळं मला आधीही मिळाली," बाई म्हणाल्या. "पण त्यांच्या डायली मूळच्या निघाल्या. मूळची असेल तर हे त्याचं नाही, कारण त्याची रंगवलेली होती. रंगवलेली असेल, तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मला माझ्या भिंगातून कळत नाही. मला ही मूळचीच वाटतेय. सगळे म्हणतात तुम्हाला कळतं. एवढंच सांगा, मूळची की रंगवलेली?"

ती रेघ वहिनींनी पाहिली होती. घड्याळ समोर आलं त्या दिवशीच पाहिली होती, आणि एकट्याच हसल्या होत्या, की हा कोण बहाद्दर, ज्याने सातपासून आठपर्यंत जाताना मधे वाट चुकवली. विकत घेणारा शहाणा असेल तर रेघा मोजतो. म्हणून त्यांनी जास्त काळजी घेतली होती. सगळा जुना रंग पत्र्यापर्यंत पुसला, वर्तुळ नव्याने आखलं, आणि इतकी नेटकी डायल केली की दिराने पहिल्यांदाच 'वा' म्हटलं होतं.

मागून दीरच बोलला. म्हणाला की असं वरवर सांगणं बरं नाही, वहिनींना डायल सोडवून नीट बघावी लागेल, उद्या या. बाई मान हलवून गेल्या. त्यांना थांबायची सवय होती.

तो उद्या म्हणजे आजचा दिवस. सकाळचं भांडण तसंच उघडं टाकून दीर हे घड्याळ आणून देणाऱ्या माणसाला फोन करायला बाहेर गेला, त्या माणसाने उचलला नाही, म्हणून परत आला. तो माणूस शववाहिका चालवायचा. अधूनमधून काहीबाही आणून द्यायचा. दुकानाचा एक नियम होता, थोरल्यांच्या वेळेपासूनचा: घड्याळाला वेळ विचारावी, गाव विचारू नये. वहिनींनीही कधी विचारलं नव्हतं. औषधाच्या बाटलीत कापूस बुडवताना काही डायलींना येणारा वास त्यांना ओळखीचा होता, तो कसला हे त्यांनी मनातल्या मनातही कधी म्हटलं नव्हतं. खिडकी उघडायच्या आणि कामाला लागायच्या. आता बसल्या बसल्या त्यांना वाटलं, दिराचं काय चुकलं? त्याने पट्टा कापला, मी खिडकी उघडली.

दुसरंही एक वाटत होतं. बाईंना 'मूळची' म्हणून सांगितलं तर त्या निघून जातील आणि शोधत राहतील. या दुकानातून त्या दुकानात, पुढचं वर्ष, त्याच्या पुढचं. निदान शोधायला काहीतरी राहील. 'रंगवलेली' म्हटलं की शोध संपला. आणि संपल्यावर हातात काय, तर हे. वहिनींनी घड्याळ उचलून पाहिलं. किती सुंदर झालं होतं. त्यांना स्वतःच्या हाताची किळस आली.

बाई आल्या तेव्हा दिराने स्वतः स्टूल पुढे केलं, पाणी विचारलं. बाईंनी पाणी नको म्हटलं. पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

"बघितलंत?"

"बघितलं," वहिनी म्हणाल्या.

"मग?"

दीर काउंटरच्या कोपऱ्याला टेकून उभा होता. तो वहिनींकडे बघत नव्हता. शटरच्या पट्ट्या मोजत असल्यासारखा वर बघत होता.

"रंगवलेली आहे."

बाईंनी पिशवीचे बंद मुठीत धरले. "नक्की?"

"मीच रंगवलीय."

"वहिनी," दीर म्हणाला, "महिन्याला किती रंगवता तुम्ही, कुठली कुठली लक्षात राहणार. ताई, त्यांचंही आता वय..."

"रंगवायच्या आधी," बाईंनी त्याचं बोलणं कापलंही नाही, जणू ते झालंच नव्हतं, "सात आणि आठच्या मधे रेघ होती?"

"होती."

"जास्तीची?"

"जास्तीची. जरा तिरपी पण होती. जागा पुरली नव्हती काढणाऱ्याला."

"तिरपी," बाई म्हणाल्या. "हो. तिरपी होती." मग अगदी साधेपणाने त्यांनी विचारलं, "मग ती का पुसलीत?"

"चूक होती. म्हणून दुरुस्त केली."

हे उत्तर वहिनींच्या तोंडून इतकं सहज निघालं की ते निघून गेल्यावरच त्यांच्या कानावर पडलं. आयुष्यभर त्यांनी हेच उत्तर दिलं होतं, आणि ते ऐकून लोक खूश झाले होते.

दिराचं तोंड आता सुटलं. घड्याळ कुठून आलं ते खरंच माहीत नाही ताई, आम्ही दुकानदार, माणूस आणतो, आम्ही घेतो, आम्हाला कोण सांगतं. घेऊन जा तुम्ही. एक पैसा नको. नवा पट्टा लावून देतो, चांगल्यातला. आमच्याही घरात माणसं गेलीत. असं बरंच काही. बोलता बोलता त्याने खरोखरच खण उघडून पट्ट्यांचा गठ्ठा काढला आणि काउंटरवर मांडायला सुरुवात केली, काळे, तपकिरी, एक मगरीच्या कातड्यासारखा. त्याचे हात कापत होते. वहिनींना क्षणभर त्या हातांत थोरल्यांचे हात दिसले, आणि त्यांना त्याची दया आली, नको असताना आली.

बाईंनी घड्याळ हातात घेतलं. पालथं केलं, सवयीने. मागचा पत्रा आरशासारखा होता. त्यात त्यांच्या हनुवटीचा तुकडा दिसत होता.

"इथे ओरखडे होते," त्या म्हणाल्या. "पान्हा लागायचा त्याचा. खूप होते."

बाईंनी त्या पत्र्यावरून बोट फिरवलं.

"यात त्याचं काय उरलंय? तुम्हाला कळतं ना? सगळ्यांना सांगता तसं मलाही सांगा."

वहिनींनी भिंग डोळ्याला लावलं. लावायची गरज नव्हती. पण भिंगाशिवाय त्यांना बोलता आलं नसतं. घड्याळ हातात घेऊन त्या सांगायला लागल्या, हॉटेलवाल्याला सांगायच्या त्याच आवाजात, कारण दुसरा आवाज त्यांच्याजवळ या कामासाठी नव्हता. काच नवीन. जुनीला तडा होता. काटे तेच, पण घासून वरचा थर काढलेला. बाहेरची डबी तीच, पण पॉलिशच्या चाकावर धरलेली, कान झिजलेत, एका कानाला खोक होती ती भरून सपाट केलीय. डायलीचा पत्रा तोच. त्यावरचं सगळं माझं. पट्टा नाही.

"आणि आत?"

"मशीन तेच आहे. साफ केलंय, तेल घातलंय. तो दात तेवढा तसाच राहिला. त्याला चाक मिळालं नाही."

"मिळालं असतं तर तोही बदलला असता."

"हो," वहिनी म्हणाल्या.

बाहेरून एक हातगाडी गेली. गाडीवाल्याने चष्मेवाल्याला शिवी दिली, चष्मेवाल्याने उलट दिली, दोघे हसले. बाई घड्याळाकडे बघत होत्या. डोळे बारीक करून, एखाद्या ओळखीच्या माणसाला लांबून ओळखायचा प्रयत्न करावा तसं. मग त्यांचे डोळे पुन्हा मोठे झाले, आणि वहिनींना कळलं की ओळख पटली नाही.

"पुसलेला रंग कुठे जातो?" बाईंनी विचारलं.

"कापसाला लागतो."

"आणि कापूस?"

"टाकतो."

बाईंनी घड्याळ काउंटरवरच्या हिरव्या कापडावर ठेवलं. अगदी हळू ठेवलं, मधोमध. घडीचं भिंग मिटून पिशवीत टाकलं.

त्यांच्या त्या हळू ठेवण्याने वहिनींचं काहीतरी सुटलं. आतापर्यंत त्या स्टुलाला खिळल्यासारख्या बसल्या होत्या, त्या एकदम पुढे झुकल्या. त्यांना काहीतरी द्यायचं होतं, आणि द्यायला त्यांच्याकडे दोन हातांखेरीज काही नव्हतं.

"ताई, ऐका. मला ती रेघ आठवतेय. कुठून निघाली होती, किती तिरपी, शाई कुठे फुटली होती, सगळं आठवतंय. मी परत काढून देते. अगदी तशीच काढते. तुम्हालासुद्धा फरक कळणार नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. किती वेळ, ते वहिनींना नंतर कधीच सांगता आलं नाही. त्या नजरेत राग असता तर वहिनींनी तो घेतला असता.

मग बाई उठल्या. स्टूल त्यांनी होतं तिथे सरकवून ठेवलं.

"ताई, घड्याळ राहिलं," दीर म्हणाला. पट्ट्यांचा गठ्ठा अजून त्याच्या हातात होता. "अहो, घेऊन तर जा. ताई? पोलिसांत जाणार का तुम्ही? काही बोला तरी."

शटर अजून अर्ध्यावरच होतं. बाईंनी पिशवी छातीशी धरली, मान खाली घालून त्याच्याखालून वाकल्या, आणि गेल्या.